ओला टॉवेल

रात्री दोन पस्तीसला ट्रे खाली आला.
लिफ्टचं दार उघडलं तेव्हाच कळलं:
ताज्या रक्ताला वास असतो.
याला नव्हता.

वर कुणीतरी ओला टॉवेल टाकायला विसरलं.
बहुतेक धोत्रे. त्याची डबल ड्यूटी होती.
रजिस्टरमध्ये मी नाव नाही लिहिलं.
लिहिलं: केस संपली नऊ चाळीसला.
मिळाला दोन पस्तीसला. सुकलेला.

ब्रिजिता सिस्टर शिकवायच्या, वसईच्या हेलात:
रक्तातलं प्रथिन म्हणजे लोकरीचा गुंडा समज.
पाणी आहे तोवर आपल्यापुरता गुंडाळलेला,
नळाखाली धरलास की निघून जातो बिचारा.
पाणी उडालं की उलगडतो,
शेजारच्याच्या टोकात अडकतो, तो पुढच्याच्या,
आणि सगळे मिळून पोलादाला धरतात.
मग भिजव किती भिजवायचं ते,
गुंडा परत होत नाही.

मी मान हलवायची.
लोकर मला कुठली ठाऊक,
खारदांड्यात कोण विणतं?
मला बोंबील ठाऊक होते.
ओला इतका मऊ की हातात ठरत नाही,
आणि वलांडीवर तीन उन्हं खाल्ली
की त्याने पाठ खाजवावी.
रात्रभर भिजत घातलेला सुका बोंबील
कालवणात जातो,
पण ओला बोंबील होत नाही.
हे आईने न शिकवता शिकवलं.

एक मात्र शिकवून शिकवलं,
न्हाणीचं दार लावून, मी तेरा वर्षांची असताना:
रक्ताला थंड पाणी. आधी थंड.
गरम ओतलंस तर डाग शिजतो,
मग तो कपड्याचाच होतो.
पुढे कोर्समध्ये हेच वाक्य
तक्त्यासकट आलं.
वर्गात मी एकटीच हसले.

तर, थंड पाणी. फवारा.
मग एन्झाइमचं कोमट, घड्याळ लावून.
पाती लवकर सुटतात, दाते जरा उशिरा.
सांधा शेवटी.
जिथे चिमट्याचा एक पाय दुसऱ्यातून आरपार जातो
तिथे तो बसलेला असतो,
तपकिरी, राईच्या निम्म्याने,
भिंग धरल्याशिवाय नाहीच.

वरून फोन: सातची केस आहे,
ऑटोक्लेव्हमध्ये टाका ना सरळ,
एकशे चौतीस डिग्रीत काय जगतं?

काही जगत नाही, सर.
पण मेलेलं तिथेच राहतं,
शिजून, अजून घट्ट.
हे मी बोलले नाही.
म्हणाले, चाळीस मिनिटं.

तेरावा चिमटा.
काडी सांध्यात फिरवली, नळीत घातली.
हिरवी राहायला हवी. जांभळी झाली.
परत ब्रश. परत काडी.
जांभळी, जरा फिकी.
परत.

कविता करणारे म्हणतील
नात्यांचंही असंच असतं, वेळेत धुवावं.
असेल.
माझ्या बहिणीशी मी अकरा वर्षं बोललेली नाही,
तरी मी हे तिकडे लावणार नाही.
मला चिमट्यांचं ठाऊक आहे.

तेरावा दिलाच नाही. त्याच्या जागी राखीव घातला,
जुना, थोडा घट्ट चालणारा, पण हिरवा.

सहाला वर गेले.
धोत्रे बाकावर झोपलेला, तोंड उघडं,
एक चप्पल पायात, एक खाली.
टॉवेल भिजवला, पिळला,
त्याच्या ट्रॉलीवर घडी करून ठेवला.
जिन्यापर्यंत आले आणि लक्षात आलं,
सातची केस संपेपर्यंत
हाही सुकेल.

परत गेले. टॉवेलशेजारी
पाण्याची भरलेली बाटली ठेवली.

उठल्यावर पिऊन टाकली असेल त्याने.